कालव्याच्या बांधावरून पाच सायकली



'माझी सहल' हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. पहाटे लवकर उठलो, डबा घेतला, गाडीत गाणी म्हटली, खूप मजा आली, संध्याकाळी घरी परतलो. चाळीस वह्या तपासा, सहल एकच निघते. तुमच्याही वर्गात हेच असणार. म्हणून म्हटलं, या वेळी बाईंनीच एक सहल लिहावी. सहल माझी आहे, सायकलवरची आहे, आणि 'खूप मजा आली' हे वाक्य तेवढं मी त्यात लिहिणार नाही.

आम्ही पाच जण. डीएडला एका बॅचला होतो, २०१० साली बाहेर पडलो. त्यातल्या आम्ही दोघीच आज सरकारी शाळेत आहोत. मी चाकणच्या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत, माझी मैत्रीण शिरूर तालुक्यात. एक जण भोसरीत क्लास चालवतो. एक राजगुरुनगरजवळ घरची शेती आणि दुधाचा धंदा बघतो. पाचवा चाकण एमआयडीसीत एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला आहे. लाइनवर सुटे भाग तपासून बाजूला काढायचे, हे त्याचं काम. गंमत अशी, की डीएडला असल्यापासून आम्ही त्यालाच 'मास्तर' म्हणतो. सराव पाठाला तो उभा राहिला की मागच्या बाकावर निरीक्षणाला बसलेले आम्ही छात्राध्यापक टाचण लिहायचं विसरायचो. नाव तेव्हा पडलं, ते अजून चिकटून आहे.

पाचांना जमेल असा दिवस काढायला चार महिने गेले. आमची सुट्टी रविवारी, आणि पिंपरी-चिंचवड, चाकणच्या बऱ्याच कंपन्यांची गुरुवारी. ज्यांच्या घरात एक जण शाळेत आणि एक जण कंपनीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा घरांत नवरा-बायकोची सुट्टी एका दिवशी फक्त दिवाळीत येते. शेवटी मास्तरने जानेवारीतल्या एका रविवारी खाडा टाकला. एका दिवसाची मजुरी गेली. "मी इथं रजेवर नाही, बिनपगारी आहे, तेव्हा मला चांगलं फिरवा," हे त्याने चहाच्या टपरीवरच सांगून टाकलं.

आता तुम्ही विचाराल, मोशी, भोसरी, चाकणची माणसं सायकल घेऊन कालव्यावर कशाला गेली? घराजवळ रस्ते नाहीत का? रस्ते आहेत, पण सायकलला त्यात जागा नाही. पुणे-नाशिक महामार्गावर नाशिक फाट्यापासून राजगुरुनगरपर्यंतचे ३० किलोमीटर जो रोज तुडवतो त्याला विचारा. चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी कंटेनर, कंपनीच्या बसेस, कांद्याचे टेम्पो आणि शाळेच्या व्हॅन एकाच वेळी शिरतात. या पट्ट्यासाठी आठ पदरी उन्नत मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. वरून गाड्या जातील, पण खालच्या सायकलवाल्याचं काय, हा माझा प्रश्न आहे. कारण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील सायकलवरच कामाला जातात. कुणी परभणीचे, कुणी बुलढाण्याचे, कुणी बिहारचे. कॅरिअरला डबा बांधलेला, आणि रात्रपाळी असेल तर मागून दिसावं म्हणून मडगार्डला लाल चकाकती पट्टी. आपल्याकडे सायकल म्हटलं की हेल्मेट घातलेली रविवारची माणसं डोळ्यांपुढे येतात. खरे सायकलवाले रात्री अकराला पाळी सुटल्यावर महाळुंगे आणि निघोज्याच्या रस्त्यावर दिसतात.

मास्तर त्यातलाच. त्याची बावीस इंची काळी सायकल, चेनकव्हर नसलेली, रोज जाऊन-येऊन चौदा किलोमीटर पळते. माझी सायकल माझ्या मुलाची, गिअरची. मैत्रिणीने पुढे टोपली असलेली आणली. क्लासवाल्याची नवी कोरी, सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच. महामार्गावरून जायचं नाही हे आधीच ठरलं होतं, म्हणून चार सायकली छोट्या हत्तीत घातल्या, दोर बांधला आणि उजाडायच्या आत राजगुरुनगर गाठलं. भीमेचा पूल ओलांडला की गाव लागतं. याचं जुनं नाव खेड. शिवराम हरी राजगुरूंचा जन्म इथला, १९०८ चा. नदीकाठचा त्यांचा वाडा तुम्ही मुलांना दाखवला नसेल तर जरूर दाखवा, चाकणहून तर अगदी जवळ आहे. आम्ही मात्र तिथे न थांबता चासच्या दिशेने निघालो, कारण पाणी सुटलं होतं.

'पाणी सुटलं' म्हणजे काय ते शहरातल्या पालकांसाठी थोडं सांगते. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेल्या भीमा नदीवर खेड तालुक्यात चासकमान धरण आहे. त्याचा डावा कालवा १४४ किलोमीटर लांब आहे. पुण्याहून मुंबईला जावं, जवळजवळ तेवढं अंतर. खेड आणि शिरूर या दोन तालुक्यांतली शेती त्यावर भिजते. कालवा बारा महिने वाहत नाही. ठरावीक दिवसांसाठी पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. रब्बीचं वेगळं, उन्हाळी वेगळं. मुख्य कालव्यातून वितरिका, तिच्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून पोटचाऱ्या, आणि पोटचारीतून शेवटी कुणाच्या तरी वाफ्यात. हातावरच्या शिरा दाखवून मुलांना हे छान समजतं, मी करून बघितलं आहे. कुणाला कधी पाणी, याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. पाळी रात्री दोनची आली तर रात्री दोनला बॅटरी घेऊन शेतात जायचं आणि दारं धरायची. दारं धरणं म्हणजे एका वाफ्याचं तोंड मातीने बंद करून दुसऱ्याचं उघडणं. माझ्या वर्गात एकदा 'दार' या शब्दावर वाक्य करायला सांगितलं तेव्हा गावातल्या एका मुलीने लिहिलं होतं, 'पप्पा दारं धरायला गेलेत.' शेजारच्या शहरी मुलाने विचारलं, "दार का धरलंय? पडतंय का?"

तर कालव्याच्या बांधावरून एक कच्चा रस्ता जातो. पाटबंधारे खात्याच्या गाड्यांना फिरता यावं म्हणून ठेवलेला. काही ठिकाणी जीप जाईल एवढा रुंद, काही ठिकाणी दोन सायकली शेजारी चालणार नाहीत असा. एका बाजूला काठोकाठ मातकट हिरवं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली गहू, हरभरा, नुकती लावलेली कांद्याची रोपं. चढ नाही, उतार नाही. डोंगर आला की वाट त्याला वळसा घालते, ओढा आला की कालवा त्याच्यावरून पुलासारखा पलीकडे जातो.

हे असं का, हा पहिला प्रश्न क्लासवाल्याने काढला. रस्ता सरळ असतो, मग कालवा एवढी वळणं का घेतो? मैत्रीण म्हणाली, पाण्याला चढ चढता येत नाही. बरोबर, पण अर्धंच. मास्तर सायकल चालवता चालवताच सांगायला लागला. पाण्याला उतार हवा, पण जास्त नको. जास्त उतार दिला तर पाणी जोरात पळून काठ खाईल. कमी दिला तर गाळ बसेल. म्हणून एक किलोमीटर गेल्यावर वीतभर किंवा त्याहून कमी उतार द्यायचा, आणि तो सांभाळण्यासाठी डोंगराच्या कडेकडेने, एकाच उंचीची रेघ धरून जायचं. नदी घाईने खाली जाते. कालवा उंची राखून ठेवतो. म्हणून दोघे एकाच धरणातून निघाले तरी काही किलोमीटरने नदी खाली दरीत दिसते आणि कालवा वर टेकडीच्या पोटावर. त्या दोघांच्या मधली जमीन भिजणारी, कालव्याच्या वरची कोरडवाहू.

आम्ही थांबून बघितलं. अगदी तसंच होतं. डाव्या हाताला, कालव्याच्या वर, माळ, कुसळं आणि दोन-चार बाभळी. उजव्या हाताला हिरवंगार. मधे आठ-दहा मीटर पाणी. सहा वर्षं 'परिसर अभ्यास' शिकवतेय, जलसिंचनाचं चित्र फळ्यावर शंभरदा काढलंय, पण एका नजरेत दोन्ही जमिनी कधी बघितल्या नव्हत्या. शेतीवाला मित्र म्हणाला, "ही रेघ बघितलीस ना, लग्नं जमवताना लोक हीच बघतात. मुलाची जमीन कॅनलच्या खाली का वर?"

त्याची स्वतःची खाली आहे. म्हणून त्याचं लग्न वेळेवर झालं, असं तोच म्हणतो.

चास गावाबद्दल एक गोष्ट जाता जाता. थोरल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई इथल्या, चासकर जोशांच्या घरातल्या. माझ्या वर्गातल्या मुलींना काशीबाई सिनेमातून माहीत आहेत आणि चास एसटीच्या पाटीवरून. दोन्ही एकच, हे सांगितल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. चाकणचंही तसंच. चौथीच्या शिवछत्रपतींच्या पुस्तकातून फिरंगोजी नरसाळा आणि १६६० चा शायिस्ताखानाचा वेढा शिकवतो, आणि तो किल्ला आपल्या बाजाराच्या मागे उभा आहे हे मुलांना सांगावं लागतं. असो.

साडेनऊच्या सुमारास माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. क्लासवाला फोनवर पंक्चरचं दुकान शोधायला लागला. मास्तरने काही न बोलता कॅरिअरवरची पिशवी सोडली. त्यात दोन चमचे टायर काढायला, घासणी, सोल्यूशनची ट्यूब, रबराचे तुकडे, छोटा पंप. रोज सात किलोमीटर जाणाऱ्या माणसाला हे ठेवावंच लागतं. पहिल्या पाळीला दहा मिनिटं उशीर झाला तर गेटवरून परत पाठवतात.

खाली कांद्यात एक माणूस दारं धरत होता, आणि त्याचा मुलगा बांधावर बसून आमच्याकडे बघत होता. वय नऊ-दहा. मास्तरने त्याला हाक मारली, "अरे, घमेलं हाय का रं?" पोरगं पळत घमेलं घेऊन आलं. पाणी कालव्यातनं काढायला निघालं तेव्हा मास्तर एकदम ओरडला, "तिथं नाही! वाफ्यातलं आण." मग पुढचा अर्धा तास जे झालं ते मी सांगते, कारण हा लेख मुख्यतः त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यात बुडवली. बुडबुडे निघाले. मास्तर म्हणाला, "भोक कुठंय?" पोराने बोट ठेवलं. "कशावरून?" "बुडबुडं येत्यात." "मग बुडबुड्यात काय आहे?" पोरगं थांबलं. "हवा." "कुठली?" "तुम्ही भरली ती." "मग पाण्याशिवाय भोक सापडलं नसतं का?" पोराने विचार केला, ट्यूब पाण्याबाहेर काढली, आणि गालाशी धरून फिरवायला लागला. ओल्या गालाला वारा लागतो हे त्याचं त्यालाच सुचलं. मास्तर काहीही न सांगता बघत होता. आपण असतो तर, खरं सांगा, 'शाब्बास' म्हणून पुढे गेलो असतो. तो म्हणाला, "आता डोळे मिटून सापडव." पोराने सापडवलं.

ठिगळ सुकेपर्यंत वेळ होता. मास्तरने विचारलं, "हे पाणी किती जोरात चाललंय, सांगता येईल?" पोरगं म्हणालं, "लई जोरात." "लई म्हणजे किती?" मग मोजायचं ठरलं. मोजायला टेप नव्हती, सायकल होती. चाकाच्या व्हॉल्व्हला खडूने खूण केली, सायकल बांधावरून ढकलत नेली आणि चाकाचे दहा फेरे मोजले. माझ्या सायकलचं चाक सव्वीस इंची, एका फेऱ्याला दोन मीटरपेक्षा थोडं जास्त जातं. म्हणजे दहा फेऱ्यांना साधारण वीस मीटर. सुरुवातीला आणि शेवटी एकेक दगड ठेवला. शेतीवाल्याने वरच्या अंगाला हरभऱ्याची एक वाळकी काडी पाण्यात टाकली आणि मैत्रिणीने फोनवर सेकंद मोजले. मुलाला दोरीच्या अंतरावर, काठापासून लांब उभं केलं होतं. काडी पहिल्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत जायला ४० सेकंद लागले. तीनदा केलं. एकदा ३८, एकदा ४१.

वीस मीटरला चाळीस सेकंद, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. पुढचं गणित मास्तरने मातीवर काडीने लिहिलं. कालवा १४४ किलोमीटर, म्हणजे १,४४,००० मीटर. अर्ध्या मीटरला एक सेकंद, तर २,८८,००० सेकंद. तासाचे ३,६०० सेकंद, तर ८० तास. तीन दिवस आणि वर आठ तास. मधल्या पायऱ्या पोराने केल्या. शून्य उडवायला त्याला आधीच येत होतं, ते त्याच्या बाईंचं किंवा गुरुजींचं श्रेय. (कालव्याच्या तळाशी आणि कडेला पाणी वरच्यापेक्षा हळू जातं आणि पुढे पुढे वेग कमी होतो, तेव्हा खरा वेळ याहून जास्त लागेल, हे मोठ्या मुलांना सांगा.)

"म्हणजे आत्ता जी काडी सोडली," मास्तर म्हणाला, "ती शेवटाला कधी पोचेल?" पोराने बोटं मोजली. रविवार, सोमवार, मंगळवार. "बुधवारी संध्याकाळी." मग जरा गप्प बसलं आणि म्हणालं, "पण नाय पोचणार."

"का?"

"माझा मामा तिकडं शिरूरला हाय. त्यो म्हणतो, पाणी येतच न्हाई. मधीच संपतं."

यावर आमच्यातलं कुणी लगेच बोललं नाही. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाच्या शेतकऱ्याचं दुखणं या पोराने गणिताच्या उत्तरातच दाखवलं होतं. पाणी वरच्या अंगाला मुरतं, झिरपतं, आणि वाटेत डोंगळे लागतात. डोंगळा म्हणजे काठावरून कालव्यात सोडलेला पाइप. एकदा तोंडाने किंवा पाण्याने भरून ओढ लागली की मोटार न लावता पाणी आपोआप पलीकडे उतरत राहतं. आम्ही त्या सकाळी येताना किती डोंगळे ओलांडले ते मी मोजले नाहीत, पण सायकलचं चाक त्यांच्यावरून दणकायचं ते आठवतंय. मुलाचे वडील खालून ऐकत होते. ते म्हणाले, "बाई, आमाला बी पाळी चार दिस उशिरा आली. कांदा काय थांबतो का?" तेही खरंच.

माझी मैत्रीण शिरूर तालुक्यात शिकवते. तिने सांगितलं, उन्हाळी आवर्तनाच्या दिवसांत तिच्या वर्गात मुलांची हजेरी बघून पाणी कुठवर आलं ते कळतं. रात्री दारं धरायला आईबापाबरोबर गेलेलं पोरगं सकाळी बाकावर झोपतं.

पालकहो, आपण पिंपरी-चिंचवडकर या गोष्टीत कुठे बसतो, ते जरा बघू या. आपल्याकडे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. सोसायटीच्या ग्रुपवर त्यावरून रोज आरडाओरडा होतो. आपलं बहुतेक पाणी पवना धरणाचं. त्याला चासकमानसारखा लांब कालवा नाही. पाणी नदीतूनच खाली येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यातून शहर ते उचलतं. ते थेट धरणातून बंद पाइपने आणायचं ठरलं, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. नदी आटली तर काठच्या शेतीचं काय, असा त्यांचा सवाल होता. ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. माझ्या वर्गातली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. नळ उघडला की येतं ते पाणी कुणाच्या तरी पाळीतलं असतं, एवढं तरी त्यांना कळावं असं मला वाटतं. कुणाची बाजू घ्या म्हणून नाही. मी स्वतः दोन्हीकडची आहे. माहेर शेतकऱ्याचं, सासर सहाव्या मजल्यावर.

महात्मा फुल्यांबद्दलही वर्गात सांगावंसं वाटतं. आपण त्यांना शाळा आणि सावित्रीबाई यांच्यापुरतं शिकवतो. पण खडकवासल्याच्या धरणाचं पाणी कालव्याने आलं तेव्हा त्यांनी मांजरीला जमीन घेऊन ते पाणी वापरून बागायती शेती केली. शेजारचे शेतकरी नव्या पाण्याला बिचकत होते, तेव्हा हे करून दाखवणं हाही एक पाठच होता.

आता काळजीची गोष्ट. ही सहल वाचून कुणी शिक्षक म्हणेल, चला, आपणही वर्ग घेऊन जाऊ. माझं स्पष्ट मत आहे, प्राथमिकच्या मुलांना वाहत्या कालव्यावर नेऊ नका. पाच मोठी माणसं सोबत असली तरी नको. नदीला काठ असतो, पाय टेकत टेकत आत जाता येतं. कालव्याला काठ नसतो. अस्तर केलेल्या कालव्याची बाजू घसरगुंडीसारखी तिरकी असते, त्यावर शेवाळ. आत पडलेल्याला धरायला काहीच नसतं. पोहता येणारा मोठा माणूससुद्धा तिथे दमतो. वरून पाणी संथ दिसतं, हाच धोका. दर उन्हाळ्यात कालव्यात कपडे धुवायला किंवा पोहायला गेलेल्यांच्या बातम्या आपण वाचतो. तुमच्या गावावरून कालवा जात असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्या. मुलांना दोन गोष्टी पाठ करून घ्या. कुणी पडलं तर मागे उडी मारायची नाही, साडी, दोर, बांबू, जे हाती येईल ते टाकायचं आणि ओरडायचं. आणि आपणच पडलो तर उलट दिशेला पोहायचं नाही, प्रवाहाबरोबर जात पायऱ्या किंवा पूल शोधायचा. बांधावर सायकल चालवणाऱ्या मोठ्यांनीही कालव्याच्या बाजूने नको, शेताच्या बाजूने चालवावी. आम्ही तशीच चालवली, आणि जिथे बांध ओला, भुसभुशीत दिसला तिथे उतरून हातात धरली. बांध म्हणजे मातीच. २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या भागात घरांत पाणी शिरलं, ते आपल्याला आठवत असेल.

मग मुलांना काय? कालवा शाळेत आणा. मी आणला. मैदानाच्या कडेला वीस फूट लांब, चार बोटं खोल चर खणला. मुलांनी बादलीने पाणी सोडलं. पहिल्यांदा उतार जास्त झाला, पाण्याने माती उकरून नेली. मग कमी केला, तर मधेच तुंबलं. तिसऱ्या खेपेला जमलं. सायकलच्या चाकाने अंतर मोजलं, कडुनिंबाच्या काडीने वेग काढला. मग दोन्ही बाजूंना वाफे करून मुलांचे पाच गट बसवले, आणि एका बादलीत पाचांचं भागवा म्हटलं. पहिल्या गटाने काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच. पाचव्या गटातल्या मुली उठून भांडायला गेल्या. मग कुणीतरी म्हणालं, "बाई, उद्या आम्ही शेवटापासून सुरू करू." हा नियम मी त्यांना सांगितला नव्हता.

परत मास्तरकडे येते. परतीला आम्ही एका वडाखाली बसलो. तिळाच्या वड्या आणि शेतीवाल्याच्या घरची बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा. जाऊन-येऊन बावीस किलोमीटर झाले होते. क्लासवाल्याने विषय काढला, पुढची भरती कधी. हा विषय आमच्यात जपून काढावा लागतो. २०१० च्या सीईटीत मी लागले, मास्तर थोड्या गुणांनी राहिला. २०१२ मध्ये भरती थांबली. २०१३ पासून टीईटी आली, तो पास झाला. २०१७ ला अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, मग २०२३ ला पुन्हा चाचणी. दरवेळी तो पाळी सांभाळून अभ्यास करायचा, दरवेळी जागा, आरक्षण, गुण, पसंतीक्रम यांत कुठेतरी अडायचं. खुल्या प्रवर्गाला वयाची अट ३८. मास्तर सदतीस पूर्ण झाला. तुमच्या ओळखीतही असा एखादा डीएड झालेला असेलच. कुणी डिलिव्हरी करतं, कुणी रिक्षा चालवतं, आणि चाकणच्या लाइनवर तर किती तरी.

मैत्रीण म्हणाली, "तू एवढं छान शिकवतोस रे, सकाळी त्या पोराला..." तो म्हणाला, "त्याचं काय मानधन मिळतं?" हसूनच म्हणाला. मग हसणं थांबलं. "मला कीव नको. तिकडे कंपनीत मी पाच नवीन पोरं तयार केलीत. आयटीआयची. त्यांना मायक्रोमीटर वाचता येत नव्हता, आता येतो. तेही शिकवणंच आहे. पण लहान पोरांना शिकवायचं होतं मला. ते राहिलं. एवढंच."

मी शाळेची गोष्ट सांगितली. आमच्याकडे दोन वर्ग एका बाईकडे आहेत, एक जागा रिकामी आहे. त्याने लगेच अडवलं. "फुकट शिकवायला बोलवू नकोस. माझ्यासारखे फुकट मिळायला लागले तर ती जागा कायमची रिकामी ठेवतील." माझ्या मते तो शंभर टक्के बरोबर आहे. अनेक ठिकाणी 'स्वयंसेवक' या गोड नावाखाली हेच चाललेलं आपण बघतो. रिकाम्या जागेवर माणूस भरला पाहिजे, पगार देऊन.

मी म्हटलं, "शिकवायला नको. महिन्यातून एका गुरुवारी सायकल घेऊन ये. पालक म्हणून येतात तसा. पंक्चर काढून दाखव, एक तास. आमच्या मुलांचे बाप सायकलवरच जातात, त्यांना पंक्चर काढता आलं तर घरी उपयोग आहे." तो बराच वेळ काही बोलला नाही. भाकरीचा शेवटचा तुकडा ठेच्याला लावून खाल्ला, हात झटकले आणि म्हणाला, "किती मुलं?"

"बत्तीस."

"मग एक घमेलं पुरणार नाही. चार लागतील. आणि जुन्या ट्यूब गोळा करायला सांग आत्तापासून, दुकानदार फेकून देतात, मागितल्या की देतात. दोन गुरुवार सोडून येतो. त्या आठवड्यात माझी दुसरी पाळी आहे, पण गुरुवार सुट्टीच."

सध्या आमच्या वर्गाच्या कोपऱ्यात एकोणीस ट्यूब साठल्या आहेत. वर्गात रबराचा वास येतो.